मऊ नाकाची गोळी

आजोबांच्या लाकडी पेटीत आता दोनच वस्तू उरल्या आहेत. एक .३१५ रायफलचं रिकामं पितळी काडतूस आणि दुसरी, सांबराच्या अंगातून काढलेली गोळी. काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरं ठोकलेली आहेत. ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. गोळीची मात्र ओळख पटत नाही. पुढचं शिसं उमलून चपटं झालंय, कवचाच्या पाकळ्या मागे वळल्यात. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीसारखी दिसते ती. बुडाकडचा भाग तेवढा जसाच्या तसा गोल राहिलाय.

चांद्याकडच्या जंगलात आजोबा परवाना काढून शिकार करत. परवान्यावर ब्लॉक, मुदत आणि कुठली किती जनावरं मारायची हे लिहिलेलं असे. लोक त्यांना विचारत, हरणासाठी हीच रायफल का घेतलीत? ते म्हणत, “मी कुठे निवडली? सरकारनं निवडली.”

यात अतिशयोक्ती नव्हती. इंग्रज सरकारला धास्ती होती की पलटणीतली काडतुसं चोरीला जाऊन बंडखोरांच्या बंदुकीत बसतील. त्यामुळे फौजेच्या .३०३ रायफलीचं काडतूस हिंदुस्थानात खासगी शिकाऱ्याला मिळत नसे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरवरही तशीच बंदी आली आणि लंडनच्या बंदूकवाल्यांनी वाघा-हत्तींसाठी .४७०, .४६५ अशी शेजारची मापं घाईघाईनं बाजारात आणली. हरणांच्या शिकाऱ्यासाठी वाट निघाली ती थेट ऑस्ट्रिया-हंगेरीतून. तिथल्या फौजेच्या मान्लिकर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस इथल्या कुठल्याच पलटणीच्या बंदुकीत बसत नव्हतं, म्हणजे सरकारला धोका नव्हता. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनं त्या मापाची शिकारी रायफल केली, तीच .३१५. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं ती चालू ठेवली. व्हिएन्नाच्या बादशहाच्या शिपायासाठी आखलेलं काडतूस असं चांद्याच्या बांबूत येऊन पोचलं.

ज्याच्याकडे पैसा होता तो वेगळं काही घेऊ शके. जिम कॉर्बेट यांच्याकडे .२७५ रिग्बी होती. ती मुळात जर्मन माउझरची सात मिलिमीटर, गोळी १४० ग्रेनची. मोकळ्या माळावर काळवीट दोन-दोनशे पावलांवर उभा असतो, तिथे अशी हलकी, वेगवान गोळीच कामाची. दाट जंगलात चितळ साठ-सत्तर पावलांवर दिसतं आणि क्षणात नाहीसं होतं. तिथे आजोबांना जड गोळीच हवी असे. त्यांची गोळी २४४ ग्रेनची. तोळा १८० ग्रेनचा, तेव्हा ही सव्वा तोळ्याहूनही भारी. पण माप आणि वजन ठरलं तरी निवड संपत नाही, असं ते बजावत. खरी निवड गोळीच्या नाकाची.

मऊ, उघड्या शिशाचं नाक जगभर बदनाम झालं ते आपल्याच देशातून. काळी दारू जाऊन धूर न करणारी दारू आली तशा गोळ्या बारीक आणि फार वेगवान झाल्या. नुसतं शिसं त्या वेगात नळीत टिकेना, म्हणून त्यावर कठीण धातूचं कवच आलं. १८९५ च्या चित्राळच्या मोहिमेत इंग्रजी फौजेची तक्रार आली की ही गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो तरीही चालून येतो. मग कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचं कवच काढून शिसं थोडं उघडं ठेवलं. ते अंगात शिरताच पसरे. जखमा इतक्या भयंकर होत की १८९९ साली हेगच्या परिषदेनं युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असं ठरवलं. ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण हरणाच्या बाबतीत हाच न्याय उलटा लागतो. शिपाई जखमी झाला तर त्याला उचलायला माणसं असतात. सांबराला कोण उचलणार?

एका हिवाळ्यात आजोबांबरोबर आलेल्या पाहुण्यानं कठीण नाकाची, म्हणजे टोकापर्यंत कवच असलेली काडतुसं आणली होती. हाका झाला, नर सांबर बाहेर आलं, पाहुण्यानं फऱ्यामागे नेम धरला. नेम चांगला होता. गोळी या बाजूनं शिरली आणि त्या बाजूनं निघून गेली, पेन्सिलीएवढं भोक ठेवून. जनावर दचकलं आणि बांबूत शिरलं. रक्त इतकं थोडं की वाळक्या पानांवर माग लागेना. पाहुणे संध्याकाळी मुक्कामावर परतले. आजोबा गावातल्या दोघा माणसांना घेऊन रात्रभर थांबले. सकाळी नाल्याच्या काठी सांबर सापडलं तेव्हा ते जिवंत होतं, मान उचलून बघत होतं. आजोबांनी आपली मऊ नाकाची गोळी घातली आणि ते जागीच शांत झालं. घरी आल्यावर दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत, हे आजी सांगायची.

मऊपणालाही मर्यादा असते, हेही ते सांगत. कवच फार पातळ असलं तर वेगवान गोळी फऱ्याच्या हाडावरच फुटते, मांस नासतं आणि काळजापर्यंत काहीच पोचत नाही. गोळी पसरली पाहिजे आणि एकसंध राहून आतही गेली पाहिजे. एवढ्यासाठी ते नवीन पेटी आणली की प्रत्येक काडतूस हातात धरून त्याच्या टोकाचं करडं शिसं अंगठ्यानं चाचपत.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आजोबांनी रायफल जमा केली. त्यांनी तक्रार केली नाही. तोवर जंगलात चितळांचे कळप किती रोडावलेत हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं.

पेटीतली गोळी त्या नाल्याकाठच्या सांबराची. आजोबांनी ती गावच्या सराफाकडे नेऊन सोन्याच्या काट्यावर तोलून घेतली होती. नवी असताना एक तोळा आणि चार माशांच्या थोडी वर. काट्यावर भरली एक तोळा दोन मासे. सराफानं कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिलेला तो आकडा अजून गोळीभोवती गुंडाळलेला आहे.