झोपेतल्या श्वासाकडे : प्रस्तावना

अवरोधक स्लीप ॲप्निया ज्याला होतो त्याला तो स्वतःला कधीच दिसत नाही. रुग्ण दवाखान्यात येतो तो आटोक्यात न येणारा रक्तदाब, सकाळची डोकेदुखी, दिवसभराची पेंग किंवा रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं अशी तक्रार घेऊन. झोपेत काय घडतं हे शेजारी झोपणारं माणूसच सांगू शकतं. ‘घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो, मग दचकून श्वास घेतात’ एवढं पत्नीचं वाक्य कित्येकदा निदानाची दिशा ठरवून देतं. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की रुग्णाबरोबर आलेल्या व्यक्तीला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका.

झोपेत काय घडतं हे वैद्यकालाही बराच काळ दिसलं नव्हतं. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला (१८३६-३७) सतत डुलक्या काढणारा लठ्ठ ‘जो’ वाचकांना चांगला परिचित होता. १९५६ मध्ये बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाच्या वर्णनाला ‘पिकविकियन’ हे नावही दिलं. मात्र तपासणी दिवसाची होती, आणि झोपाळूपणाचा दोष रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर गेला. रात्रभर जागून मेंदूच्या लहरी आणि श्वास एकत्र नोंदवले गेले ते १९६५ च्या सुमारास, मार्सेयला गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी. तेव्हा कळलं की झोपेत घसाच बंद होतो आहे.

घशाला हाडाचा भक्कम आधार नाही. जागेपणी स्नायू त्याला उघडा धरून ठेवतात, झोपेत ते सैल पडतात. जबडा लहान किंवा मागे असेल, गळ्याभोवती चरबी असेल, तर आधीच अरुंद असलेली वाट श्वास ओढताना मिटते. शहाळ्यातली ओली कागदी नळी जोरात ओढली की चपटी होते, तशी. छाती श्वासासाठी झगडत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो. शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो आणि घसा उघडतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक खंड धरतात. श्वास पूर्ण थांबण्याचे आणि उथळ होण्याचे प्रसंग मिळून तासाला ५ पासून आजाराची मोजणी सुरू होते, ३० च्या पुढे तो तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गुदमरणं, तेही रात्रभर.

अशा प्रत्येक खेपेला रक्तदाब उसळतो आणि छातीतल्या ओढीने हृदयाचे कप्पे ताणले जातात. ताणलेलं हृदय एक संप्रेरक सोडतं, ते मूत्रपिंडाला जास्त लघवी तयार करायला लावतं. रात्रीच्या उठण्याचं एक कारण इथे सापडतं. उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, मधुमेह यांच्याशी या आजाराचं नातं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पेंगणाऱ्या चालकांच्या बाबतीत धोका रस्त्यावरच्या इतरांनाही असतो.

१९८१ मध्ये सिडनीचे कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत, म्हणजेच सीपॅप, प्रसिद्ध केली. त्याआधी गंभीर रुग्णासाठी श्वासनलिकेला भोक पाडणं हाच खात्रीचा इलाज होता. सीपॅपने माणसं अक्षरशः दुसऱ्या दिवशी ताजी होऊन उठतात, हे पाहण्यासारखं असतं. तरीही अभ्यासकाने सावध राहावं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीत, आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ जणांमध्ये सीपॅपने पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली. पण हे रुग्ण यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावत होते. यंत्र अपुरं पडलं की त्याचा वापर, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तरुण संशोधकांनी या विषयात यावं याचं मला वाटणारं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

हा परदेशी लठ्ठपणाचा आजार आहे हा समज मात्र सोडून द्यावा. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला: १९.५ टक्क्यांत झोपेतल्या श्वासाचा बिघाड आढळला, ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही. चेहऱ्याच्या हाडांची ठेवण अशी असते की आशियाई माणसाला हा आजार कमी वजनातही गाठतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर तो वाढतो, पण त्या थकवा आणि झोप न लागण्याबद्दल बोलतात, आणि त्यांच्या हाती पडतात रक्तवाढीच्या किंवा झोपेच्या गोळ्या.

छाती, कान-नाक-घसा, हृदय, मेंदू, दात अशा अनेक शाखांच्या सीमेवर हा विषय उभा आहे, त्यामुळे कुठूनही आलात तरी इथे जागा आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना माझी विशेष विनंती: रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला, स्त्री असो वा पुरुष, झोप कशी लागते आणि दिवसा पेंग येते का, हे विचारा.