सूज, नस आणि टेन्शन

आईला आमवात आहे. सकाळी तिची बोटं इतकी आखडलेली असतात, की कुकरचं झाकण लावता येत नाही. ‘टेन्शन घेऊ नका,’ असं एका डॉक्टरांनी तिला सांगितलं, तेव्हा मी चिडले. सांध्यांच्या सुजेशी टेन्शनचा काय संबंध? शोधत गेले, ती थेट १९२१ सालच्या ऑस्ट्रियात पोचले.

ग्राझ शहरात ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस नस उत्तेजित केली. ठोके मंदावले. त्या हृदयातलं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे नस रसायनातून बोलते! ते रसायन होतं असिटिलकोलिन. १९३६ मध्ये लोवींना नोबेल मिळालं.

तरी रोगप्रतिकारशक्ती मेंदूला न विचारता चालते, हा समज बरीच वर्षं टिकला. २००० साली अमेरिकेत केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने उंदरांना जिवाणूंचं विष टोचलं आणि हीच नस उत्तेजित केली. सूज भडकवणारं टीएनएफ हे प्रथिन कमी झालं. आमवाताच्या १७ रुग्णांवर यंत्र बसवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेकांचा त्रास कमी झाला. प्रयोग छोटा होता, तुलनेला दुसरा गटही नव्हता.

म्हणजे डॉक्टर अगदीच चुकले नव्हते. पण स्वायत्त चेतासंस्था आपल्या हुकमात नसते. संबंध खरा आहे. म्हणून दोष आईचा ठरत नाही.

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बरं, झाकण लाव.”