इंटेल एक्स५८ मदरबोर्ड

एक्स५८ हा इंटेल कंपनीने नोव्हेंबर २००८ मध्ये कोअर आय७ मालिकेतील पहिल्या डेस्कटॉप प्रोसेसरांसोबत बाजारात आणलेला चिपसेट आहे. त्यावर आधारलेले मदरबोर्ड असूस, गिगाबाइट, एमएसआय, ईव्हीजीए, डीएफआय, फॉक्सकॉन इत्यादी कंपन्यांनी, तसेच स्वतः इंटेलनेही तयार केले. सुटे भाग निवडून संगणक जुळवणारे, प्रोसेसर नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक वेगाने चालवणारे आणि एकाहून अधिक ग्राफिक्स कार्डे वापरणारे हौशी ग्राहक हा या मदरबोर्डांचा प्रमुख वर्ग होता. या पिढीत मेमरी नियंत्रक मदरबोर्डवरून निघून प्रोसेसरच्या आत गेला. त्यामुळे एक मदरबोर्ड दुसऱ्याहून चांगला कशावरून ठरवावा, याचे जुने निकष बऱ्याच अंशी निरुपयोगी झाले.

पार्श्वभूमी

कोअर २ पिढीपर्यंत इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना मेमरीपर्यंत पोहोचण्यासाठी मदरबोर्डवरील नॉर्थब्रिज या चिपमधून जावे लागे. प्रोसेसर आणि नॉर्थब्रिज यांना फ्रंट साइड बस हा सामायिक मार्ग जोडत असे. मेमरीचा प्रतिसाद किती लवकर मिळेल हे नॉर्थब्रिजवर आणि बायॉसमध्ये निर्मात्याने बसवलेल्या वेळमर्यादांवर अवलंबून असल्याने, एकच प्रोसेसर दोन मदरबोर्डांवर किंचित वेगळा वेग दाखवू शके. नियतकालिकांतील चाचण्यांचे तक्ते या किंचित फरकांवरच उभे असत.

एएमडी कंपनीने २००३ मध्येच ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ या प्रोसेसरांत मेमरी नियंत्रक समाविष्ट केला होता. इंटेलने हे पाऊल नेहालेम या सांकेतिक नावाच्या रचनेत उचलले. तिच्या पहिल्या डेस्कटॉप आवृत्तीचे सांकेतिक नाव ब्लूमफील्ड होते. २.६६ गिगाहर्ट्झचा आय७-९२०, २.९३ गिगाहर्ट्झचा आय७-९४० आणि ३.२ गिगाहर्ट्झचा आय७-९६५ एक्स्ट्रीम एडिशन असे तीन प्रोसेसर प्रथम आले. त्यांच्या घाऊक किमती अनुक्रमे २८४, ५६२ आणि ९९९ डॉलर होत्या.

रचना

ब्लूमफील्ड प्रोसेसर एलजीए १३६६ या नव्या सॉकेटमध्ये बसतो. जुन्या एलजीए ७७५ सॉकेटभोवती शीतक बसवण्याच्या छिद्रांमधील अंतर ७२ मिलिमीटर होते, ते येथे ८० मिलिमीटर झाले. परिणामी नव्या प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड आणि डीडीआर३ मेमरी तर घ्यावी लागेच, शिवाय आधीचा शीतकही निराळ्या जोडपट्टीशिवाय चालत नसे. सुरुवातीच्या अनेक मदरबोर्डांची किंमत ३०० डॉलरच्या घरात असल्याने, स्वस्तातला आय७-९२० घेणाऱ्याला मदरबोर्डच प्रोसेसरपेक्षा महाग पडण्याची शक्यता होती.

प्रोसेसर आणि एक्स५८ यांना क्विकपाथ इंटरकनेक्ट हा थेट दुवा जोडतो. एक्स्ट्रीम एडिशनमध्ये त्याचा वेग सेकंदाला ६.४ अब्ज स्थानांतरे, तर इतर दोन प्रोसेसरांत ४.८ अब्ज आहे. मेमरीशी संबंध न उरल्यामुळे इंटेल एक्स५८ ला नॉर्थब्रिज न म्हणता इनपुट-आउटपुट हब म्हणते. पीसीआय एक्सप्रेस २.० च्या ३६ मार्गिका पुरवणे हे त्याचे मुख्य काम. त्यामुळे दोन ग्राफिक्स कार्डांना प्रत्येकी पूर्ण १६ मार्गिका मिळतात. साटा, यूएसबी व ध्वनी यांची व्यवस्था आयसीएच१०आर ही दुसरी चिप पाहते.

मेमरीसाठी तीन वाहिन्या आहेत. इंटेलची अधिकृत मर्यादा डीडीआर३-१०६६ इतकी होती, तरी मदरबोर्ड निर्मात्यांनी त्याहून बऱ्याच वरच्या गती उपलब्ध करून दिल्या. बहुतेक मदरबोर्डांवर मेमरीचे सहा खाचे असत. इंटेलच्या स्वतःच्या डीएक्स५८एसओ या मदरबोर्डवर मात्र चारच होते. चौथा खाचा वापरल्यास एका वाहिनीवर दोन व इतर दोन वाहिन्यांवर एकेक मेमरीपट्टी, अशी विषम मांडणी होई.

मूल्यमापन

कोअर आय७ बाजारात येताच झालेल्या चाचण्यांत सुपर पाय, सिनेबेंच, थ्रीडीमार्क यांसारख्या आज्ञावली वापरल्या गेल्या. एकच प्रोसेसर, तीच मेमरी आणि तीच गती ठेवल्यास निरनिराळ्या एक्स५८ मदरबोर्डांचे निकाल जवळजवळ सारखे येत. मेमरी नियंत्रक सर्वांचा एकच असल्यावर हे अपेक्षितच होते. जो फरक दिसे, त्याचे कारण अनेकदा सेटिंगमध्ये सापडे. प्रोसेसरची गती १३३ मेगाहर्ट्झच्या मूळ गतीला गुणक लावून ठरते. काही मदरबोर्ड ही मूळ गती किंचित चढी ठेवत, तर काही टर्बो बूस्टचा वाढीव गुणक इंटेलने ठरवलेली वीजमर्यादा न पाळता कायम चालू ठेवत. अशा मदरबोर्डला तक्त्यात वरचे स्थान मिळणे म्हणजे अघोषित ओव्हरक्लॉकिंगला बक्षीस देण्यासारखे होते. मूळ गती मोजून न देणाऱ्या परीक्षणातील एक-दोन टक्क्यांच्या फरकाला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

खरा फरक वीजपुरवठ्याच्या मंडलात होता. ब्लूमफील्डची औष्णिक मर्यादा १३० वॉट असून, गती व व्होल्टेज वाढवताच प्रोसेसर ती सहज ओलांडतो. ही वीज सॉकेटशेजारच्या नियामक मंडलातून येते. त्यातील टप्प्यांची संख्या जाहिरातींचा विषय बनली. असूसच्या पी६टी डीलक्सवर १६ अधिक २ टप्पे असल्याचे ठळकपणे सांगितले जाई, तर एमएसआयने कमी टप्पे परंतु एकत्रित चालक-ट्रान्झिस्टर चिप हा मार्ग निवडला. नुसत्या संख्येवरून गुणवत्ता ठरत नाही. भरभार असताना व्होल्टेज किती घसरते आणि मंडल किती तापते, हे मोजावे लागते. एक्स५८ चिपही सुमारे २४ वॉट उष्णता निर्माण करीत असल्याने तिच्यावरील धातूच्या शीतकाचा आकार आणि मांडणी हा केवळ शोभेचा भाग नव्हता. लांब ग्राफिक्स कार्डाखाली दबलेला लहान शीतक ही काही मदरबोर्डांची खरी अडचण होती.

आय७-९२० आणि आय७-९४० यांचे गुणक वरच्या बाजूने बंद असल्यामुळे त्यांची गती वाढवण्याचा मार्ग मूळ गतीतून जाई. २० हा गुणक आणि २०० मेगाहर्ट्झ मूळ गती धरली की ४ गिगाहर्ट्झ होतात. मात्र मूळ गती वाढली की क्विकपाथ, मेमरी आणि प्रोसेसरमधील अनकोअर विभाग यांचीही गती त्याच प्रमाणात वाढते. त्यातच ब्लूमफील्डमध्ये अनकोअरचा गुणक मेमरीच्या गुणकाच्या किमान दुप्पट ठेवावा लागतो. डीडीआर३-१६०० मेमरीसाठी अनकोअर ३.२ गिगाहर्ट्झवर न्यावा लागतो तो यामुळेच. २०० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक मूळ गतीवर मदरबोर्ड तासन्‌तास स्थिर राहतो का, आणि त्यासाठी लागणारे सर्व पर्याय बायॉसमध्ये समजतील असे मांडले आहेत का, ही या पिढीची सर्वांत उपयुक्त कसोटी ठरली. प्राइम९५ सारख्या आज्ञावलीने दीर्घकाळ पूर्ण भार देऊन ही स्थिरता तपासली जाई.

मेमरीच्या व्होल्टेजबाबत चूक महागात पडणारी होती. कोअर २ च्या काळात विकली गेलेली वेगवान डीडीआर३ मेमरी अनेकदा १.८ व्होल्ट किंवा अधिकवर चाले. नियंत्रक प्रोसेसरमध्ये आल्यावर हे व्होल्टेज थेट प्रोसेसरपर्यंत पोहोचू लागले. १.६५ व्होल्टपेक्षा अधिक दिल्यास प्रोसेसर कायमचा निकामी होऊ शकतो, असा इशारा इंटेलने दिला. काही निर्मात्यांनी तो चिकटपट्टीवर छापून मेमरीच्या खाचांवरच लावला. जुनी मेमरी नव्या मदरबोर्डवर वापरू पाहणाऱ्या ग्राहकाला वेगाच्या कोणत्याही आलेखापेक्षा ही सूचना अधिक मोलाची होती.

एसएलआयचा प्रश्न

एनव्हिडियाची एसएलआय सुविधा तोवर मुख्यतः त्या कंपनीच्याच चिपसेटवर मिळे. क्विकपाथसाठी चिपसेट बनवण्याचा परवाना एनव्हिडियाला आहे की नाही, यावर दोन्ही कंपन्यांत मतभेद होते. आधी एनव्हिडियाने एक्स५८ मदरबोर्डांवर एनफोर्स २०० ही स्वतःची जादा चिप बसवण्याचा आग्रह धरला. ऑगस्ट २००८ मध्ये तिने धोरण बदलले. निर्मात्याने प्रमाणपत्र घेऊन बायॉसमध्ये परवान्याची खूण ठेवल्यास एसएलआय चालू होईल, असे ठरले. म्हणजेच विद्युत्‌रचना तीच असूनही एका मदरबोर्डवर एसएलआय चाले व दुसऱ्यावर नाही. चिपसेट परवान्याचा वाद फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयात गेला आणि जानेवारी २०११ मध्ये इंटेलने एनव्हिडियाला १.५ अब्ज डॉलर देण्याच्या तडजोडीने मिटला.

उत्तरकाळ

सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या एलजीए ११५६ सॉकेटच्या प्रोसेसरांत ग्राफिक्स कार्डासाठीच्या पीसीआय एक्सप्रेस मार्गिकाही प्रोसेसरमध्येच गेल्या आणि एक्स५८ सारख्या हबची गरज तेथे उरली नाही. तरी एक्स५८ वरच्या वर्गात टिकून राहिला. मार्च २०१० मध्ये ३२ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेला सहा गाभ्यांचा आय७-९८०एक्स बायॉस अद्ययावत केल्यावर याच मदरबोर्डांवर चालू लागला. पुढे सर्व्हरमधून निवृत्त झालेले झिऑन ५६०० मालिकेतील सहा गाभ्यांचे प्रोसेसर स्वस्तात मिळू लागले, आणि ते अनेक एक्स५८ मदरबोर्डांवर चालत असल्याने या व्यासपीठाला जुन्या वस्तूंच्या बाजारात दुसरे आयुष्य लाभले. निर्मात्याने बायॉसचे अद्यतन किती वर्षे चालू ठेवले, हा निकष पहिल्या दिवसाच्या परीक्षणात असूच शकत नव्हता. त्याचप्रमाणे या चिपसेटच्या आरंभीच्या आवृत्त्यांतील इंटरप्ट रीमॅपिंगचा दोषही नंतर उघड झाला. लिनक्स कर्नल अशी आवृत्ती ओळखून ती सुविधा बंद ठेवते.

मर्यादाही कालांतराने जाणवल्या. चिपसेटमध्ये यूएसबी ३.० किंवा ६ गिगाबिट साटा नाही. नंतरच्या मदरबोर्डांवर त्यांसाठी एनईसी व मार्व्हेल यांच्या स्वतंत्र चिपा बसवण्यात आल्या. या सॉकेटच्या कोणत्याही प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स आज्ञासंच नसल्यामुळे त्यावर अवलंबून असलेल्या आज्ञावली येथे चालत नाहीत. नोव्हेंबर २०११ मध्ये एलजीए २०११ सॉकेट आणि एक्स७९ चिपसेट यांनी एक्स५८ ची जागा घेतली.