आयुष्याची दोरी

एखादा मनुष्य मोठ्या अपघातांतून वांचला म्हणजे ‘त्याची आयुष्याची दोरी बळकट’ असें आपण सहज म्हणतों. ही दोरी कोणी पाहिलेली नसते. परंतु गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनीं देहांतील सूक्ष्म पेशींच्या पोटांत खरोखरच एक दोरी शोधून काढली, ती कशी झिजते हें पाहिलें, आणि ती झिजूं नये म्हणून कोणती शक्ति राबते हेंही ओळखलें. त्या शोधाचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. वार्धक्य आणि कर्करोग हीं दोन्ही दुःखें घरोघर ठाऊक आहेत. त्या दोहोंचा संबंध या एकाच दोरीशीं कसा येतो, हें या इतिहासावरून दिसून येईल.

इतिहासाचा प्रारंभ एका भ्रमानें झाला. १९१२ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक कण काचपात्रांत ठेवून त्यास पोषक रस देण्यास आरंभ केला. ती वाढ १९४६ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षें, चालू राहिली. कॅरेल स्वतः १९४४ मध्येंच निवर्तला होता. यावरून विद्वानांनीं सिद्धांत काढला कीं, पेशी ही स्वभावतः अमर आहे. म्हातारपण येतें तें पेशींना एकत्र संसार करावा लागतो म्हणून!

हा सिद्धांत १९६१ सालीं ढांसळला. फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेंत लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं मनुष्यगर्भाच्या पेशी वाढवून पाहिल्या. सुमारें ५० वेळां विभागून झाल्यावर त्या थांबत. मध्येंच त्यांना गोठवून ठेवलें आणि पुन्हां ऊब दिली, तरी मागील हिशेब त्या विसरत नसत. उरलेली संख्या पुरी करूनच थांबत. कॅरेलच्या पात्रांत प्रत्येक वेळीं रसाबरोबर कांहीं ताज्या पेशी नकळत पडत असाव्यात, असा तर्क पुढें करण्यांत आला. पेशीला मोजकेंच आयुष्य असतें, हें मात्र आतां निश्चित झालें.

पण याला एक अपवाद होता, आणि तो भयंकर होता. १९५१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत, हेन्रिएटा लॅक्स नांवाची एक निग्रो स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें आजारी होती. तिच्या अर्बुदाचा एक तुकडा जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत पोंचला. तिला कोणी विचारलें नाहीं, तिच्या घरच्यांना कोणी सांगितलें नाहीं. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला, अवघ्या ३१ व्या वर्षीं, ती बाई मरण पावली. तिच्या पेशी मात्र आजही जगभर वाढत आहेत. त्यांच्या साह्यानें लशी व औषधें यांची परीक्षा झाली. मात्र तिच्या मुलांना या गोष्टीचा पत्ताही वीसेक वर्षें नव्हता. शास्त्राच्या उपकारांबरोबर शास्त्राचें हें ऋणही नोंदून ठेविलें पाहिजे.

याच गे यांच्या प्रयोगशाळेशीं महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे. १९४१ सालीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं पुण्याच्या एका प्राध्यापकाची कन्या संशोधन करूं लागली. त्या डॉ. कमल रणदिवे. हुजूरपागा व फर्ग्युसन कॉलेज येथें त्यांचें शिक्षण झालें होतें. १९४९ मध्यें मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर त्या बाल्टिमोरला गे यांच्याकडे पेशीसंवर्धनाची विद्या शिकून आल्या, आणि परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं या देशांतील पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पुढें त्या केंद्राच्या संचालिका झाल्या. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण हा बहुमान मिळाला. देहाबाहेर पेशी वाढवून तिची चालचलणूक न्याहाळण्याची विद्या आपल्या देशांत रुजली ती अशी.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, पेशी मोजते कशी? मनुष्याच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रें असतात. नागपूरचे कोष्टी उपरणें विणतांना त्याच्या टोंकाला विणीवांचून सुताच्या दशा सोडतात. त्या दशांत नक्षी नसते, पण त्या आहेत तोंवर आंतली वीण उसवत नाहीं. गुणसूत्रांच्या टोंकांनाही अशाच दशा असतात. त्यांना हर्मन मुलर यानें १९३८ मध्यें ग्रीक भाषेवरून ‘टेलोमिअर’, म्हणजे टोंकाचा भाग, असें नांव दिलें. बार्बरा मॅक्क्लिंटॉक या विदुषीनेंही मक्याच्या गुणसूत्रांवरून टोंकांचें महत्त्व त्याच सुमारास दाखविलें: तुटलेलीं टोंकें एकमेकांस चिकटतात, शाबूत टोंकें चिकटत नाहींत.

या दशा झिजतात कां, हें मॉस्कोच्या अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह यांना भुयारी रेल्वेच्या स्थानकावर सुचलें. रुळावरून जाणारी गाडी मागें रुळाची नक्कल सोडीत चालली आहे, असें त्यांनीं कल्पिलें. तर गाडीच्या स्वतःच्या बुडाखालचा तुकडा नकलेवांचून राहणारच. गुणसूत्राची नक्कल करणारें यंत्रही शेवटचा भाग असाच सोडतें. म्हणून प्रत्येक विभाजनाला दशा थोडी तोकडी होते. १९७१ सालीं त्यांनीं हा विचार प्रसिद्ध केला. दशा अगदींच आंखूड झाल्या म्हणजे पेशी विभागणें थांबविते. हेफ्लिक यांचे ५० फेरे ते हेच.

मग पिढ्यानुपिढ्या जीवसृष्टि टिकली कशी? याचें उत्तर डबक्यांतील टेट्राहायमेना नांवाच्या एकपेशी प्राण्यानें दिलें. १९७८ मध्यें एलिझाबेथ ब्लॅकबर्न व जोसेफ गॉल यांनीं त्याच्या टोंकांवर सहा अक्षरांचा एकच शब्द जपमाळेसारखा पुन्हां पुन्हां लिहिलेला आहे, असें दाखविलें. १९८४ च्या नाताळांत ब्लॅकबर्न यांची शिष्या कॅरल ग्रायडर हिला झिजलेली दशा पुन्हां वाढवून देणारें द्रव्य सांपडलें. तेंच टेलोमरेज. ब्लॅकबर्न, ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना या कार्याबद्दल २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हें टेलोमरेज आपल्या बीजपेशींत जागें असतें. देहाच्या बहुतेक पेशींत तें निजलेलें असतें. १९९८ मध्यें प्रयोगशाळेंतील सामान्य मानवी पेशींत तें जागें केलें, तेव्हां त्या नेहमींची मर्यादा ओलांडून विभागत राहिल्या. ‘आतां वार्धक्य गेलें!’ असा गवगवा झाला. परंतु १९९४ मध्येंच निरनिराळ्या मानवी अर्बुदांची तपासणी होऊन सुमारें दहांपैकीं नऊंत टेलोमरेज जागें आढळलें होतें. हेन्रिएटाच्या पेशींतही तेंच आहे. अश्वत्थाम्याचें चिरंजीवित्व आपल्या पुराणांनीं वर म्हणून नव्हे, शाप म्हणून सांगितलें आहे. पेशीची गोष्ट तशीच आहे. दशा झिजल्यानें आपल्याला म्हातारपण येण्यास हातभार लागतो, हें खरें. पण त्याच झिजण्यामुळें बहकलेली पेशी बहुधा वेळींच थांबते, हेंही तितकेंच खरें.

आमच्या विदर्भाला हा विषय दूरचा नाहीं. डॉ. खानोलकर यांनीं १९४४ मध्येंच मुंबईंतील एक हजार मुखकर्करोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. नागपुरांत कर्करोगाची पद्धतशीर नोंद १९८० पासून होत आली आहे, आणि पुरुषांत तोंडाचा कर्करोग येथें ठळकपणें दिसतो. तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा गालांत धरला कीं तेथील अस्तर वारंवार दुखावतें. तें भरून काढण्यासाठीं पेशींना पुन्हां पुन्हां विभागावें लागतें आणि दशा लवकर झिजतात. तंबाखूंतील विषें पेशीला ‘थांब’ म्हणणाऱ्या जनुकांनाही बिघडवितात. मग दशा संपल्यावरही कांहीं पेशी विभागतच राहतात. गुणसूत्रें चिकटतात, तुटतात, पुष्कळ पेशी मरतात. पण एखादी पेशी निजलेल्या टेलोमरेजला जागें करते, आणि तेथून अर्बुदाला अमर्याद वाढीची वाट मोकळी होते.

उपाय शोधण्याचे यत्न चालू आहेत. टेलोमरेजला आळा घालणारें इमेटेलस्टॅट हें औषध अस्थिमज्जेच्या एका विकारासाठीं २०२४ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. उलट, टेलोमरेज वाढवून तारुण्य देऊं म्हणणाऱ्या गोळ्याही बाजारांत विकल्या जातात. त्यांनीं मनुष्याचें आयुष्य वाढल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. आणि वर सांगितलेला इतिहास ज्यानें ऐकला तो अशा गोळीकडे हात करण्यापूर्वीं दोनदां विचार करील. दोरी लांबविण्याची युक्ति अजून कोणाच्या हातीं आलेली नाहीं. तोंडांतील खर्रा थुंकून टाकणें मात्र आजच, कोणत्याही प्रयोगशाळेची वाट न पाहतां, प्रत्येकाला करतां येण्याजोगें आहे. गालांत पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड पुरें उघडेनासें झालें, अथवा व्रण तीन आठवड्यांत भरून आला नाहीं, तर वैद्याकडे जाण्यास संकोच करूं नये, एवढेंच शेवटीं सांगावयाचें आहे.