ऑक्सिजनची खूण बोटाला

लष्करी रुग्णालय असो की जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय, भूल देण्याच्या यंत्राला आपल्याकडे अजूनही 'बॉइल्स मशीन' म्हणणारे लोक आहेत. हे नाव लंडनच्या डॉ. एडमंड बॉइल यांच्यावरून पडलं. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1917 साली, त्यांनी एका अमेरिकन यंत्राच्या धर्तीवर आपलं यंत्र तयार केलं. एका बाजूला ऑक्सिजनचा सिलिंडर, दुसऱ्या बाजूला नायट्रस ऑक्साइडचा, आणि दोन्ही वायू हवे तेवढे मिसळून रोग्याला द्यायचे, अशी त्याची साधी रचना होती.

या रचनेत एक धोका होता. दोन्ही सिलिंडर साधारण एकाच आकाराचे. नायट्रस ऑक्साइड श्वासातून ओळखू येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. ऑक्सिजनच्या जागी तो जोडला गेला, तर रोग्याचा मेंदू काही मिनिटांत निकामी होतो. रोगी बेशुद्ध असल्यामुळे तो तक्रारही करू शकत नाही.

यावर पहिला उपाय निघाला तो रंगाचा. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि त्याचा खांदा पांढरा, तर नायट्रस ऑक्साइडचा निळा. पण अमेरिकेत ऑक्सिजन हिरवा, आणि जर्मनीत तर तो कित्येक वर्षं निळा होता. म्हणजे एका देशात जो रंग जीव वाचवणाऱ्या वायूचा, तोच दुसऱ्या देशात भुलीच्या वायूचा. शिवाय रंग उडतो, गंज चढतो, रात्री उजेड कमी असतो. रंग पाहणारा माणूस दमलेला असेल, तर त्याला समोरचं दिसतं तसं नाही, अपेक्षा असेल तसं दिसतं. सेन्ट्रीची ड्यूटी केलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

खरा उपाय आला तो दुसऱ्या महायुद्धातल्या एका शोधाच्या वाटेने, आणि तो शोध रुग्णालयात नाही, विमानात लागला.

अमेरिकेचं बी-17 हे बॉम्बफेकी विमान मोहिमेवरून सुखरूप परत यायचं, धावपट्टीवर टेकायचं आणि मग अचानक पोटावर बसायचं. वैमानिकाने पंखांचे फ्लॅप वर घेण्याऐवजी चाकंच वर घेतलेली असायची. अहवालात शेरा पडायचा, 'वैमानिकाची चूक'. 1943 साली अल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे हा प्रश्न आला. त्याने कॉकपिट पाहिलं. चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ शेजारी शेजारी होत्या आणि दिसायला अगदी सारख्या होत्या. सी-47 विमानात या दोन कळा वेगळ्या पद्धतीच्या होत्या, आणि त्याचे वैमानिक ही चूक करत नव्हते. सी-47 म्हणजे आपलं डाकोटा. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनला श्रीनगरला उतरवणारं विमान हेच.

चॅपॅनिसने वैमानिकांना आणखी प्रशिक्षण द्या, असं सांगितलं नाही. त्याने चाकांच्या कळीला रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. आता अंधारात, हातमोज्यातूनसुद्धा, बोटांना कळायचं की आपण काय धरलं आहे. ही चूक बंद झाली. पुढे 1947 साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या 460 चुकांचा अभ्यास केला. त्यांतल्या साधारण निम्म्या चुका एका कळीऐवजी दुसरी कळ धरल्याच्या होत्या.

हाच विचार भुलीच्या यंत्रात आला. 1950 च्या दशकात छोट्या सिलिंडरसाठी 'पिन इंडेक्स' पद्धत रूढ झाली. यंत्रावर सिलिंडर बसतो त्या खोबणीत दोन पिना असतात आणि सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर त्यांच्यासाठी दोन भोकं. ऑक्सिजनची जागा 2 आणि 5, नायट्रस ऑक्साइडची 3 आणि 5. चुकीचा सिलिंडर आणला तर तो बसतच नाही. आणणारा नवखा असो, झोपेत असो, त्याला रंग ओळखता येवो न येवो. यंत्रावरची ऑक्सिजनची कळही वेगळी झाली. ती मोठी, थोडी बाहेर आलेली आणि कडेला खोल खाचा असलेली असते, म्हणजे न बघता हाताला कळावी. बी-17 मधलं ते रबरी चाक अशा रीतीने ऑपरेशन थिएटरमध्ये पोचलं.

तरीही डॉक्टरी जगात 'निष्काळजीपणा' हाच शेरा बराच काळ टिकून राहिला. तो मोडायला सुरुवात केली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जेफ्री कूपर या इंजिनिअरने. कूपर डॉक्टर नव्हता. त्याने भूल देणाऱ्यांना विचारलं, की वाईट होता होता राहिलं, असं काय काय तुमच्या हातून घडलं? ही विचारण्याची पद्धतही युद्धातलीच. जॉन फ्लॅनगन याने ती अमेरिकन सैन्याच्या हवाई दलातल्या कामातून विकसित केली होती. 1978 साली छापलेल्या कूपरच्या लेखात 359 घटना होत्या, आणि त्यांतल्या 82 टक्क्यांमध्ये माणसाच्या चुकीचा भाग होता. नळी निसटणे, वायूचा प्रवाह नकळत बदलणे, एका सिरिंजऐवजी दुसरी उचलणे, या वारंवार घडणाऱ्या गोष्टी होत्या.

82 टक्के हा आकडा पाहून माणसांना शिक्षा करा, असंही म्हणता आलं असतं. कूपरने उलट विचारलं, की चांगल्या, शिकलेल्या माणसांकडून त्याच त्या चुका होत असतील, तर त्या होऊ देणाऱ्या रचनेत काय आहे? हा प्रश्न विचारल्यानंतर भूलशास्त्रात सुरक्षेच्या कामाला वेग आला.

अर्थात, पिन म्हणजे शेवटचा शब्द नाही. पिन तुटते. सील म्हणून एकाऐवजी दोन वॉशर घातले, तर पिना भोकांपर्यंत पोचतच नाहीत आणि चुकीचा सिलिंडरही बसतो. आत भरलेला वायू कोणता, हे पिन सांगू शकत नाही. आणि मोठे सिलिंडर, पाइपलाइन यांना ही पद्धत लागूच नाही. 2011 साली कन्याकुमारी जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात एका महिलेला ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड दिला गेला. ती कोमात गेली आणि पुढे वारली. मद्रास उच्च न्यायालयाने तिच्या कुटुंबाला नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. आधीच्या पिढ्यांनी सोडवलेला प्रश्न, जिथे तो उपाय पोचला नाही तिथे पुन्हा उभा राहतो.

सुईच्या बाबतीतही हेच झालं. शिरेत औषध देण्याची सिरिंज आणि पाठीच्या कण्यात औषध देण्याची सुई यांचा सांधा वर्षानुवर्षं एकच होता. ही सोय म्हणून केलेली गोष्ट. 2001 साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला शिरेत द्यायचं कॅन्सरचं औषध एका 18 वर्षांच्या मुलाच्या पाठीच्या कण्यात दिलं गेलं आणि तो दगावला. अशा घटना त्याआधीही झाल्या होत्या. कण्याच्या सुईसाठी वेगळा, दुसऱ्या सिरिंजला न बसणारा सांधा आंतरराष्ट्रीय मानकात आला तो 2016 साली. पिन इंडेक्सनंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

आपल्या फौजेत हे लक्षात ठेवायचं कारण उघड आहे. अपघात झाला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, आणि कुणीतरी एक नाव शोधावं लागतं. जिथे जवानाने खरंच दुर्लक्ष केलं असेल, तिथे ते नाव लिहायलाच हवं. पण उंचावरच्या पोस्टवर, जाड हातमोज्यात, दम लागलेला असताना ऑक्सिजन सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या नर्सिंग असिस्टंटबद्दल लिहिताना आणखी एक रकाना भरावा. त्याच्या हातात जे दिलं होतं, ते चुकीच्या ठिकाणी बसू शकत होतं का? उत्तर 'हो' असेल, तर तो जवान बदलून काम भागणार नाही. पुढचा जवानही तीच चूक करेल.