हळू ओढणारी तार

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावात तेरा-चौदा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या दातांवर पहिल्या दिवशी जी तार बसते, ती बहुधा निकेल आणि टायटॅनियम या दोन धातूंची असते. जाडी ०.०१४ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त. चिमटीत धरून वाकवली तर निमूट वाकते आणि सोडली की पुन्हा आपल्या कमानीत येते. डॉक्टर ती पुढे-मागे झालेल्या दातांच्या ओळीत अडकवतात. पुढचे कित्येक आठवडे ती मूळ कमानीत परत यायला बघत असते आणि जाताना दातांनाही सोबत नेते. गावात याला 'तारा बसवल्या' किंवा 'क्लिपा लावल्या' म्हणतात.

या तारेपर्यंत पोचायला माणसाला दोन हजार वर्षं लागली. त्यातला बराच काळ एकच गोष्ट उमगण्यात गेला: दात हलवायला किती कमी जोर पुरतो.

सुरुवात बोटानं झाली. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार सेल्सस लिहितो की, दुधाचा दात पडायच्या आधीच मागून नवा दात आला, तर दुधाचा काढून टाकावा आणि नवा दात रोज बोटानं त्याच्या जागेकडे ढकलावा. उपचाराची ही सर्वांत जुनी नोंद म्हणता येईल, आणि ती चुकीची नाही. आपल्याकडच्या आज्या दात पडलेल्या जागी जीभ लावू देत नाहीत. जिभेच्या सततच्या दाबानं दात वाकडा येतो हे त्यांनी बघून-बघून ओळखलेलं असतं.

आपल्या वैद्यकग्रंथांनीही वाकडे दात नोंदवले आहेत. सुश्रुतानं जास्तीचा दात उपटून ती जागा डागायला सांगितली. माधवनिदानात 'कराल' नावाचा दंतरोग आहे. दातांच्या आश्रयाला आलेला वायू हळूहळू दात वेडेवाकडे करतो, आणि हा रोग बरा होत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मला त्यातलं 'हळूहळू' फार महत्त्वाचं वाटतं. दात आपली जागा सावकाश सोडतो, हे निरीक्षण त्या वैद्यांकडे होतं. त्याच सावकाशीनं तो परतही आणता येईल, ही पुढची पायरी तेवढी राहिली.

ती पायरी १७२८ साली पॅरिसमध्ये छापली गेली. पिएर फोशार यानं दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ त्या वर्षी काढला आणि त्यात दात सरळ करण्यासाठी सोन्या-चांदीच्या पातळ पट्ट्या दोऱ्यानं दातांना बांधायची रीत दिली. पट्टी ताठ असे, तिच्याकडे दात ओढला जाई. पण हाच फोशार कधी-कधी पकडीनं दात एका झटक्यात सरळ करून मग शेजारच्या दातांना बांधून टाकत असे. सावकाश आणि झटपट, दोन्ही रीती एकाच माणसाच्या हातात होत्या. कोणती बरी आणि का, हे ठरवायला अजून पावणेदोनशे वर्षं जायची होती.

एकोणिसाव्या शतकात स्क्रू आले, डोक्याला बांधायचे पट्टे आले. चार्ल्स गुडइयरनं १८४४ मध्ये रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं आणि काही वर्षांतच रबराची वळी दातांच्या कामाला लागली. वरच्या जबड्यापासून खालच्या जबड्यापर्यंत रबर ताणून पुढे आलेले दात मागे घ्यायची युक्ती हेन्री बेकर याच्या नावानं १८९३ पासून ओळखली जाते. आज मुलं पाकिटातून रबरं घरी नेतात आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच लावतात, ती हीच.

आता एडवर्ड अँगलकडे यायला हवं, कारण तारेचं गोत्र त्याच्यापासून लागतं. १८५५ साली जन्मलेल्या या अमेरिकनाच्या आधी दात सरळ करणं हे दंतवैद्याचं फुटकळ काम होतं. अँगलनं १८९९ मध्ये बिघडलेल्या चाव्याचे तीन वर्ग पाडले, तेही वयाच्या सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेवरून. वरची दाढ खालच्या दाढेच्या खाचेत नीट बसते का, खालची मागे राहते का, की पुढे जाते, एवढंच त्यानं पाहिलं. आज कोणताही ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा डॉक्टर, गाल बाजूला करून आधी तेच पाहतो आणि कागदावर 'क्लास टू' असं काहीतरी लिहितो. १९०० मध्ये सेंट लुईस इथे अँगलनं या एकाच विषयाची शाळा काढली.

यंत्रंही त्यानं एकामागून एक रचली. शेवटचं १९२८ साली जाहीर केलं. त्यात प्रत्येक दातावर धातूचा छोटा ब्रॅकेट, त्यात आडवी चौकोनी खाच आणि खाचेत काटकोनी कडांची तार. गोल तार दात फक्त ढकलते किंवा कलंडवते. चौकोनी तार चौकोनी खाचेत बसली की हिरडीच्या आत असलेल्या मुळाचाही कल बदलता येतो. खाचेचं माप त्यानं ०.०२२ बाय ०.०२८ इंच ठेवलं. १९३० मध्ये अँगल गेला. सोन्याच्या जागी स्टेनलेस स्टील आलं, दाताभोवतीची धातूची कडी जाऊन ब्रॅकेट चिकटवायचा मसाला आला, पण माप राहिलं. आज निफाड तालुक्यातल्या एखाद्या मुलाच्या तोंडात बसणाऱ्या ब्रॅकेटची खाच बहुतेक वेळा तीच, ०.०२२ इंचाची असते.

दात हाडात खुंट्यासारखा ठोकलेला असतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा जिवंत पडदा असतो. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेटनं कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून १९०४ च्या सुमारास दाखवलं की, दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं आणि ताण पडतो त्या बाजूला नवं हाड तयार होतं. दात हाडातून वाट काढत नाही, हाडच त्याच्यासाठी जागा बदलतं. दाब फार झाला, तर त्या पडद्यातलं रक्त थांबतं, तो भाग मरतो, आणि ते मेलेलं साफ होईपर्यंत दात जागचा हलत नाही. म्हणजे जास्त जोर लावला की काम लांबतं आणि दुखतंही जास्त. व्हिएन्नाच्या श्वार्झनं १९३२ मध्ये याला आकडा दिला: केशवाहिन्यांतल्या दाबाइतका, चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. फोशारच्या पकडीचा निकाल इथे लागला.

आता जास्त जिव्हाळ्याचा प्रश्न. लासलगावात काय किंवा मुंबईत काय, आईवडील तारेला तयार होतात आणि 'चार दात काढावे लागतील' ऐकलं की थबकतात. सुळ्यामागची किडलेली नाही, दुखत नाही अशी चांगली उपदाढ काढायची, हे कोणाला पटेल? अँगललाही पटत नव्हतं. निसर्गानं दिलेले सगळे दात राखले तरच चेहरा सुंदर होतो, असा त्याचा ठाम आग्रह होता. १९११ मध्ये दंतवैद्य कॅल्विन केसनं त्याला उघड विरोध केला, पण अँगलचा दबदबा इतका की पुढची पंचवीस वर्षं दात काढणं हे पाप मानलं गेलं.

तो आग्रह मोडला त्याच्याच दोन शिष्यांनी. अॅरिझोनातल्या चार्ल्स ट्वीडनं काही वर्षं गुरूच्या मतानं उपचार केले आणि पाहिलं की, अरुंद जबड्यात सगळे दात कोंबल्यामुळे ओठ पुढे येतात आणि दात पुन्हा वाकडे होतात. त्यानं तेच रुग्ण परत बोलावले, उपदाढा काढल्या आणि नव्यानं उपचार केले. दुसरा ऑस्ट्रेलियाचा रेमंड बेग. १९२४-२५ मध्ये तो अँगलकडे शिकला, अॅडलेडला परतला आणि १९२८ पासून गरज असेल तिथे दात काढू लागला. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या कवट्या तपासून त्यानं मांडलं की, भरड खाण्यानं त्यांचे दात कडांनीही झिजत, त्यामुळे ओळीत जागा होत जाई. मऊ खाणाऱ्यांचे दात झिजत नाहीत, म्हणून दाटी होते. झिजेचा हा हिशेब पुढे जसाच्या तसा कोणी मानला नाही. पण मऊ खाण्याचा धागा टिकला. रॉबर्ट कोरुचिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चंदीगडच्या शहरी आणि आसपासच्या ग्रामीण पंजाबी मुलांची तुलना केली, तेव्हा शहरी मुलांच्या चाव्यात बिघाड जास्त दिसला. लहानपणी चावायचं काम मिळालं की जबडा रुंदावतो. आनुवंशिकता आहेच, पण बाजरीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, सोललेला ऊस हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला चघळू द्यावं, चहात बुडवलेल्या बिस्किटावर त्याला वाढवू नये, असं मला मनापासून वाटतं.

बेगचं खरं देणं हलकी तार. विलकॉक नावाच्या धातुतज्ज्ञाकडून त्यानं ०.०१६ इंचाची, बारीक पण चिवट पोलादी तार करून घेतली आणि १९५६ मध्ये आपली पद्धत छापली. तिनं भारतात घर केलं. आपल्या दंत महाविद्यालयांतून काही दशकं बेगचीच पद्धत शिकवली जात होती, आणि आज साठी ओलांडलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टांचा हात त्याच तारेवर बसला.

महाराष्ट्रात या शिक्षणाची पायाभरणी मुंबईत झाली. नायर दंत महाविद्यालय १९३३ चं. देशाचा दंतवैद्यक कायदा १९४८ चा, म्हणजे लासलगावची बाजार समिती सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षीचा. भारतीय ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये स्थापन झाली. नाशिकला पंचवटीत हिरे दंत महाविद्यालय निघालं, १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकलाच आलं, आणि तारेसाठी मुंबई-पुण्याची वाट धरायची गरज संपली. लासलगावसारख्या गावात रीत अशी, की दंतवैद्य गावातले आणि तारेचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी बाहेरून येणारे, नाहीतर एस.टी.नं महिन्याला नाशिकची एक फेरी. उपचार दीड-दोन वर्षं चालतात, पैसे हप्त्यानं फिटतात, आणि शेतकऱ्याच्या घरात हप्त्याची तारीख कांद्याच्या हिशोबपट्टीकडे बघून ठरते.

निकेल-टायटॅनियमचा जन्म मात्र दवाखान्यापासून फार दूर, अमेरिकी नौदलाच्या शस्त्र-प्रयोगशाळेत झाला. विल्यम ब्यूलर १९५९ च्या सुमारास क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होता. त्याला सापडलेला मिश्रधातू वाकवून तापवला की पूर्वीचा आकार धारण करी. आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रेसननं १९७१ मध्ये त्याची तार दातांसाठी तपासली. पुढे १९८५-८६ मध्ये चिनी आणि जपानी तारा आल्या. त्या कमी-जास्त वाकवल्या तरी जवळजवळ एकसारखा हलका जोर देत राहतात. सेल्ससचं रोजचं बोट, श्वार्झचा आकडा आणि बेगचा हट्ट या तारेत एकत्र आले. पारदर्शक अलायनरही १९९९ पासून तेच करतात, फक्त तारेऐवजी प्लॅस्टिकच्या साच्यांनी.

तार असेपर्यंत ऊस दातानं सोलायचा नाही, पेरू चिरून खायचा, बुक्कीनं फोडलेल्या कांद्याचा तुकडा समोरच्या दातांनी तोडायचा नाही. ब्रॅकेट निसटला की त्या दाताचं महिन्याचं काम बुडतं.

आणि तारा निघाल्या की संपलं, असं समजणारी घरं पुष्कळ आहेत. हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात, वळवलेल्या दाताच्या बाबतीत तर वर्षभर आणि त्याहूनही जास्त. चार्ल्स हॉलीनं १९१९ च्या सुमारास मांडलेली टाळूला चिकटून बसणारी पट्टी आणि पुढून जाणारी एक तार, हा रिटेनर आजही जवळपास तसाच दिला जातो. पहिले काही महिने तो दिवसरात्र घालायचा, नंतर रोज रात्री. जेवताना काढून रुमालात गुंडाळला की हरवतो, म्हणून त्याची डबी दप्तरात ठेवावी, आणि उन्हात किंवा गरम पाण्यात तो ठेवू नये, वाकडा होतो.