देवरुखच्या पार्वतीबाई आणि माझा राहिलेला हिशेब



आपल्या रत्नागिरीहून देवरुख तास-दीड तासाच्या वाटेवर आहे. लग्नाकार्याला, देवदर्शनाला आपण तिथे जातो. मीही कितीदा गेले असेन. पण याच गावात 1870 साली जन्मलेल्या एका बाईची गोष्ट मला साठी उलटल्यावर समजली. त्यांचं नाव पार्वतीबाई आठवले.

माहेरच्या त्या जोशी. अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं आणि विशीत वैधव्य आलं. पदरी एक लहान मुलगा होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालं आणि त्या माहेरी परतल्या. अक्षरओळख नव्हती. अशा बाईचं पुढचं आयुष्य कसं जायचं, हे आपल्याला आजी-पणजीच्या तोंडून माहीत आहे: चूल, भांडी, आणि दुसऱ्याच्या घरचं बाळंतपण.

त्यांची थोरली बहीण गोदूबाई बालविधवा होती. मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात ती शिकली आणि 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. कर्वेही आपल्याच जिल्ह्यातले, मुरूडचे. या लग्नासाठी त्यांना गावाचा बहिष्कार सोसावा लागला. पुढे 1896 साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो हिंगण्याच्या माळावर नेला.

पार्वतीबाई पुण्याला आल्या त्या बहिणीच्या आधाराने, मुलाला शिकता यावं म्हणून. जग सुधारायला काही त्या आल्या नव्हत्या. पंचविशीच्या सुमारास, मुलगा शाळेत जायच्या वयाचा असताना, त्यांनी स्वतः धुळाक्षरं गिरवली. पुनर्विवाह करायचा नाही आणि आश्रमाच्या कामाला वाहून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

यापुढचा भाग मी दोनदा वाचला. आश्रमात शिकवायला बाई हवी होती, म्हणून पार्वतीबाई शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. मुलींची देखभाल करायला कुणी हवं होतं, म्हणून सगळी व्यवस्था त्यांच्याकडे आली. मग पैसा कमी पडू लागला. वर्गणी मागायला दारोदार जायचं आणि सभेत उभं राहून बोलायचं, हेही काम त्यांनी घेतलं. ज्या विधवेचं तोंड सकाळी बघू नये असं लोक मानत, ती गावोगाव फिरून चारचौघांत बोलू लागली. कित्येक वर्षं पाळलेलं केशवपनही त्यांनी पुढे स्वतःच्या विचाराने सोडलं.

वर्गणीसाठी फिरताना इंग्रजी येत नाही ही अडचण जाणवत होती. म्हणून 1918 साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. पैसा नव्हता, भाषा नव्हती. तिथल्या घरांमध्ये घरकाम करून त्यांनी पोट भरलं. दोन वर्षांनी, 1920 साली, त्या परत आल्या. इंग्रजी काही मनासारखं आलं नाही. पण त्यांनी लिहिलेलं ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र पुढे इंग्रजीत गेलं आणि 1930 साली छापलं गेलं.

बी.कॉम. झालेल्या बाईला प्रत्येक गोष्टीत जमाखर्च दिसतो. मीही मनात पार्वतीबाईंचं खातं मांडलं. आश्रमाला त्यांनी किती दिलं, हे उघड आहे. पण आश्रमाने त्यांना काय दिलं? अक्षर, आवाज, हिंमत आणि समुद्रापलीकडचं जग. दुसऱ्याची गरज समोर आली नसती, तर यातलं काहीही त्यांनी स्वतःसाठी मागितलं नसतं. प्रत्येक नवी पायरी त्या कुणासाठी तरी चढल्या, आणि वर पोचल्या त्या स्वतः.

इथे मला माझंच खातं उघडावं लागलं.

माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचा रात्रिभोजनाचा त्याग होता, म्हणून सूर्यास्ताआधी त्यांना भरवायचं. त्या घाईत माझं जेवण बरेचदा राहून जायचं. सगळं मी केलं, कुठे कमी केलं नाही. पण मनात एक वही होती. कोण भेटायला आलं नाही, कुणी नुसता फोन केला, माझी किती लग्नकार्यं बुडाली, सगळं तारीखवार लिहिलेलं.

एका संध्याकाळी भरवताना त्यांनी विचारलं, “तू जेवलीस का गं?”

मी म्हटलं, “कधी जेवणार? तुमचंच चाललंय अजून.”

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून चार घास झाले की हात हलवून “पुरे” म्हणू लागल्या. मला वाटलं, भूक मंदावली. खरं कारण कळलं तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या.

आपल्याकडे वैयावृत्याला अंतरंग तप म्हटलं आहे. लहानपणापासून पाठशाळेत पाठ केलं, पण उपास करतो ते तप, आणि आजाऱ्याचं करतो ते कर्तव्य, अशीच माझी समजूत होती. तप असेल, तर त्यात निर्जरा आपलीच होते. मग उपकार कुणाचे कुणावर? पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची, नुसत्या डोळ्यांवरून दुखणं कसं ओळखायचं, चिडचिड कशी गिळायची, हे सगळं मला सासूबाईंनी पडल्या पडल्या शिकवलं. मी ते माझ्या नावावर येणं म्हणून लिहीत राहिले. ते देणं होतं.

देवरुखातच 1954 साली इंदिराबाई हळबे, सगळ्यांच्या मावशी, यांनी मातृमंदिर सुरू केलं. पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, पार्वतीबाई गेल्या. एकाच छोट्या गावाशी दोघींचं नाव जोडलेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी आज कुणाचं तरी करत असाल. दमत असाल, रागही येत असेल. तो येऊ नये असं मी म्हणणार नाही. फक्त एवढंच सांगते, “तू जेवलीस का” असं कुणी विचारलं, तर घास खाली ठेवा आणि नीट उत्तर द्या. माझं ते उत्तर द्यायचं राहून गेलं.

जय जिनेंद्र.